खानापूरकडच्या रिट्रीटचा अनुभव: पापनिवेदन मराठीत करायचं असेल तर शनिवारचं धरा

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ लागला की दरवर्षी कुणी ना कुणी मला विचारतंयच, रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनेसाठी मुक्कामाला, कुठं जायचं, कुठं निवांत कुमसार, म्हणजे आम्हा कॅथलिकांचं फादरांजवळचं पापनिवेदन, करायला मिळतंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. लांबलंय खरं वाचा. जागा खानापूर तालुक्यातली, जंगलाच्या बाजूला, नाव मुद्दाम घालत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि माझ्या घरातलं पण आहे. आपल्या भागातल्या माणसाला खुणेवरून कळेलच, नाही कळलं तर आपापल्या चर्चमध्ये विचारा.

शुक्रवार दुपार ते रविवार दुपार, दोन रात्री, जेवणखाण धरून ९०० रुपये. बेळगावहून खानापूरपर्यंत बस भरपूर आहेत, कर्नाटकातल्या बायकांनी आधार कार्ड दाखवलं की तिकिटाचे पैसे नाहीत, पुढे मात्र गाडी बघावी लागते किंवा रिट्रीटवाल्यांना आधी सांगितलं तर स्टँडवर जीप पाठवतात. खोल्या स्वच्छ, एका खोलीत चौघी, गाद्या लई पातळ, कंबरेचा त्रास असलेल्यांनी घरातनं एक जाड चादर नेलेली बरी. गरम पाणी सकाळी सहापर्यंतच. जेवण साधं, शुक्रवारी मांस नसतंयच, पेज, भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी, लोणचं. स्वयंपाकाच्या मावशींनी रात्री उशिरा आलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्यासाठी परत चूल पेटवली हे मी डोळ्यांनी बघितलंय. जेवणाला पाचपैकी पाच.

आता ज्याच्यासाठी गेले ते सांगते.

शुक्रवार संध्याकाळ मला अजिबात आवडली नाही. दीडशेच्या वर माणसं आणि फादर तीन. लाईन व्हरांड्यातून पायऱ्यांपर्यंत, पुढं सरकायला अर्धा तास, आणि आत गेल्यावर दोन मिनिटं. मागची बाई पाठीला चिकटलेली. एका ठिकाणी तर फादरांची खुर्ची उघड्या खिडकीशी ठेवलेली, बाहेर उभं राहणाऱ्याला ऐकू यावं अशी. मी एका स्वयंसेवकाला तसं बोलून दाखवलं, त्यानं खुर्ची हलवली पण तोंड वाकडं करून. दुसरी गोष्ट म्हणजे पापं कागदावर लिहा, नंतर क्रुसासमोर जाळू, म्हणाले. कल्पना वाईट नाही, खरं कागद गोळा करायला बिनझाकणाचा खोका फिरवला, वरच्या कागदावरची अक्षरं सरळ वाचता येत होती. मी माझा कागद घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला आणि घरी येऊन चुलीत घातला. असल्या गोष्टी नीट केल्या पाहिजेत. माणूस आयुष्यातलं सगळ्यात लाजेचं घेऊन येतंय तिथं. विवेक तपासणीची, म्हणजे आत जायच्या आधी आपली पापं आठवून बघायची, पुस्तिका इंग्लिश आणि कन्नडमध्ये चांगली छापलेली, मराठीची मात्र झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धी ओळ दिसतंय अर्धी नाही.

शनिवारी सकाळी मात्र एक वयस्कर फादर आले, पांढरे केस, हातात एक बारकी वही, आणि त्यांनी दीड तास साध्या मराठीत जे सांगितलं त्यासाठी मी ही जागा परत परत सुचवेन. पहिल्या शतकांत मोठं पाप केलेल्या माणसाला सगळ्या मंडळीपुढं प्रायश्चित्त करावं लागायचं, काही वेळा वर्षानुवर्षं, आणि ते पुरं झाल्यावरच परत वेदीपाशी घ्यायचे, तेही जन्मात एकदाच. मग आयर्लंडच्या मठवासींनी सहाव्या सातव्या शतकात एकेकट्यानं, गुपचूप, पुन्हा पुन्हा पापनिवेदन करायची रीत पसरवली. वर्षातून एकदा तरी करायलाच पाहिजे हा नियम चर्चच्या १२१५ च्या लॅटरन परिषदेचा. आणि आजचा क्रम असा की क्षमा आधी मिळते, प्रायश्चित्त नंतर करायचं. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. क्षमा आधी. तेव्हा मला त्याचं एवढं काही वाटलं नाही.

गुपिताचं पण त्यांनी सांगितलं, आणि शुक्रवारच्या त्या खिडकीनंतर मला ते ऐकायची गरज होती. चर्चच्या कायद्यात कलम ९८३ आहे, फादर कुठल्याही कारणासाठी, कुठल्याही प्रकारे तिथं ऐकलेलं फोडू शकत नाहीत, फोडलं तर बहिष्कृत. आणि नुसते फादर नाही, ज्याच्या कानावर चुकून पडलं त्यानं पण तोंड बंद ठेवायचं, दुभाषी असेल तर त्यानं पण. होय, दुभाषी लावूनही पापनिवेदन करता येतं, हे मला पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. जाळीच्या आडून बसायचं का समोरासमोर, तेही आपल्यावर आहे, जाळी मागितली तर ती असायलाच पाहिजे. बंधन फादरांवर आहे, आपल्यावर नाही, म्हणून मी माझं इथं लिहू शकते.

भाषेचं सांगितलंच पाहिजे. आमचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ चा, गोवा आणि पुण्याकडचा भाग काढून केलेला, त्यामुळं कोकणी, मराठी, कन्नड, इंग्लिश सगळं एकाच अंगणात. माझ्या माहेरी कोकणी-मराठी मिसळ, आई कुमसारच म्हणायची, सासरी मराठी, शाळा मिशनची. लहानपणी सिस्टरनी इंग्लिशमध्ये जे पाठ करून घेतलं ते मी चाळीस वर्षं तसंच म्हणत आले. रागावले, खोटं बोलले, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना चुकवली. सगळं एका दमात, पोस्टाच्या खिडकीवर पत्ता सांगावा तसं. गेली आठ वर्षं त्यात एक वाक्य वाढलेलं, भावावर माझा राग आहे. तेवढंच. फादर प्रायश्चित्त म्हणून तीन वेळा नमो मरियाची प्रार्थना सांगायचे, मी म्हणायचे, घरी यायचे, आणि राग जिथल्या तिथं.

शनिवारी दुपारी चारनंतर त्या वयस्कर फादरांची खोली उघडते, चॅपेलच्या म्हणजे तिथल्या प्रार्थनाघराच्या डावीकडची, मराठी आणि कोकणीसाठी. तिथं लाईन नाही, वही ठेवलेली असते, त्यात नाव नाही नुसता नंबर घालायचा आणि बागेत बसायचं, हाक मारतात. माझा नंबर ११ होता, आत जायला सव्वासहा वाजले, बाहेर आले तेव्हा सात वाजून गेलेले. घाई कुणालाच नव्हती.

सकाळच्या बोलण्यात त्यांनी सिस्टर राणी मारियांचं सांगितलेलं. १९९५ मध्ये मध्य प्रदेशात त्यांना बसमधून ओढून त्यांचा खून केला, आणि २००२ मध्ये त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीनं, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्या खुन्याला राखी बांधली. पुढं तो त्यांच्या घरी केरळात जाऊन आईला भेटला. राणी मारियांना २०१७ साली इंदोरमध्ये धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. हॉलमध्ये सगळ्या बायका डोळे पुसत होत्या आणि मला खरं सांगते, रागच आला. म्हटलं तिला राखी बांधायला खुनी तरी पाया पडला, माझा सख्खा भाऊ आठ वर्षांत साधा फोन करत नाही. हाच राग घेऊन मी आत गेले.

बसल्या बसल्या सुरुवात केली, भावाचं. आई गेल्यावर त्यानं कसं मला कागदावर सही करायला लावली, वारसा नोंद आहे म्हणाला आणि उताऱ्यावरनं माझंच नाव कमी झालं, १४ गुंठे, काजूची झाडं, घरातली खोली, वहिनी काय बोलली, गावात कोण काय म्हणालं. मी पंधरा मिनिटं बोलत होते. फादर मधे एकदा पण बोलले नाहीत. मी थांबल्यावर म्हणाले, "बाई, हे भावाचं झालं. तो आला की तो सांगेल. तुमचं सांगा."

मला काहीच सुचेना. इंग्लिशमधलं ते वाक्य तोंडावर आलेलं, खरं मराठीत सुरुवात केलेली, आता मराठीत ते वाक्यच होईना. भावावर माझा राग आहे, बरं, मग, पुढं? मराठीत बोलायला लागलं की गोष्टीचं नाव घ्यावं लागतंय. आणि कसं कोण जाणे, तोंडातनं शब्द आला, पाटल्या.

आईच्या दोन पाटल्या. आजारी असताना तिनं माझ्याकडे ठेवायला दिलेल्या, "दोघांच्या आहेत हां" म्हणून. आई गेली, उताऱ्याचं झालं, आणि मी पाटल्या कपाटात आत, जुन्या साडीच्या घडीत ठेवल्या त्या ठेवल्या. नवऱ्याला पण माहीत नव्हतं. भावानं एकदा दहाव्याच्या वगैरे वेळी विचारलेलं, आईचं सोनं काय झालं, मी म्हटलं दवाखान्याला मोडलं. आणि वर बेळगावात चार घरी सांगत सुटले की यानं आईला शेवटी जेवायला पण नीट घातलं नाही. ते खोटं होतं. तो घालत होता. मी स्वतः बघितलेलं.

मी दिवसभर पिग्मी गोळा करणारी बाई, लोकांचे दहा-वीस रुपये पण पासबुकात चुकू देत नाही, आणि आठ वर्षं दर महिन्याला कुमसाराला जाऊन हे एकदाही सांगितलं नव्हतं. लपवत होते असं पण नाही, मला ते पापात धरावंसंच वाटलं नव्हतं. त्याचं एवढं मोठं होतं ना, म्हणून माझं दिसतच नव्हतं.

फादरांनी आधी क्षमा दिली. हात वर करून, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. मी म्हटलं, फादर, आधी पाटल्या देऊन येते मग द्या. ते म्हणाले, "नाही, परत द्यायचं मनात पक्कं आहे ना? मग क्षमा आत्ता. देणं नंतर." सकाळी क्षमा आधी हे दोनदा का सांगितलं ते मला त्या खुर्चीत कळलं. मग त्यांनी जक्कयाची आठवण करून दिली, बायबलात लूकच्या १९ व्या अध्यायातला जकातदार, येशू त्याच्या घरी उतरायला निघाला तेव्हा त्यानं अजून एक पैसा परत केला नव्हता. येशू घरी आल्यावर तो उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं लबाडीनं घेतलं असेल तर चौपट परत. प्रायश्चित्त म्हणून नमो मरिया एकही सांगितली नाही. पाटल्या पोचवायच्या, आणि ज्या चार घरी खोटं बोलले त्या चार घरी जाऊन खरं सांगायचं. पाटल्या सोप्या होत्या, ती चार घरं लई जड गेली.

एक तक्रार मात्र मी तिथं बोलून आलेय आणि इथं पण लिहिणार. शनिवारी रात्री बाहेरून आणलेल्या एका प्रवचनकारांनी माईकवर ओरडून सांगितलं की नवरा कसाही असो, क्षमा करा आणि घरी परत जा, सातच्या सत्तर वेळा. माझ्या खोलीत एक पोरगी होती, तिच्या दंडावरचे वळ मी आंघोळीला जाताना बघितलेले. तिला हे ऐकवणं म्हणजे पाप आहे, दुसरा शब्द माझ्याकडे नाही. रविवारी सकाळी वयस्कर फादरांनी नाव न घेता ते नीट केलं. म्हणाले, क्षमा करणं म्हणजे मार खायला परत जाणं नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर १३ मे १९८१ ला गोळ्या झाडल्या, त्यांनी १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन त्या माणसाच्या शेजारी खुर्ची टाकून त्याला क्षमा केली, पण क्षमा केली म्हणून तुरुंगाचं दार उघडलं नाही, तो पुढं २००० सालापर्यंत इटलीच्या तुरुंगात होता. मनातलं वैर सोडणं एक, आणि न्याय मागणं, जीव वाचवणं दुसरं. नंतर सिस्टरनी त्या पोरीला बाजूला घेऊन वकिलाची गाठ घालून द्यायचं ठरवलं. हे त्यांनी आपणहून केलं, कुणी सांगितलं नव्हतं. तरी बाहेरून प्रवचनकार बोलावताना तो काय बोलतोय हे आधी ऐकून घ्यावं ही विनंती.

माझ्याबरोबर माझी मैत्रीण होती, मेथडिस्ट म्हणजे प्रॉटेस्टंट चर्चची. तिला तिथं पापनिवेदनाचा संस्कार घेता येत नाही, खरं प्रवचनाला, प्रार्थनेला कुणी अडवलं नाही, जेवायला पण आमच्याच पंगतीत. ती म्हणते आमच्यात सरळ देवाजवळ कबूल करायचं, मधे माणूस कशाला. मग रात्री तिनंच सांगितलं की त्यांचा पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींनी १७३८ मध्ये छोटे गट केलेले, दर आठवड्याला जमायचं आणि एकमेकांना आपले दोष खुले सांगायचे, बायबलातल्या याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात आहे तसं. आता तसं कुणी करत नाही म्हणाली, करायला पाहिजे. दिवे बंद केल्यावर अंधारात तिनं मला एक सांगितलं, ते मी इथं लिहिणार नाही.

रविवारच्या शेवटच्या प्रवचनातला हिशोब मी माझ्या वहीत उतरून घेतला, कारण तो माझ्या धंद्याचा आहे. मत्तय १८ मध्ये येशूनं सांगितलेल्या दाखल्यातला नोकर, राजाचं देणं दहा हजार टॅलंट. एक टॅलंट म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची रोजंदारी. गुणाकार केला, सहा कोटी दिवस. राजानं ते सगळं सोडलं. आणि हा बाहेर पडून सोबत्याचा गळा धरतोय, शंभर दीनारांसाठी. आपल्याकडची रोजंदारी ५०० धरली तर सोडलेलं तीन हजार कोटी, आणि गळा धरला तो ५० हजारांसाठी. शंभर दिवसांची मजुरी काही थोडी नाही हो, गरिबाला ते मोठंच आहे, फादर पण तसंच म्हणाले, सोबत्यानं द्यायचं होतं हे खरंच होतं. माझे १४ गुंठे पण खरेच आहेत. मराठी बायबलात मत्तयानं दिलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत शब्द ऋण असाच आहे, आम्ही ऋण सोडलंय तशी आमची ऋणं सोड. लहानपणापासून ऐकलंय, पण पिग्मीच्या वहीशेजारी ते लिहून बघितलं तेव्हा हात थांबला.

पुढच्या मंगळवारी माहेरी गेले. आठ वर्षांत वाटेवरची दोन कौलांची घरं स्लॅबची झालेली. भाऊ अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होता, मला बघून उभा राहिला, काही बोलला नाही. मी पिशवीतनं साडीची घडी काढली, त्याच्या समोर कट्ट्यावर ठेवली आणि म्हटलं, आईच्या पाटल्या, मोडल्या नव्हत्या, मी खोटं बोलले, आणि तू आईला जेवायला घालत नव्हतास असं पण मी लोकांना सांगितलंय. त्यानं घडी उघडली. बराच वेळ बघत होता. मग आत बघून ओरडला, "अगं च्या ठेव, आक्का आलीय." एक पाटली त्यानं खिशात घातली, एक माझ्याकडे सरकवली. उताऱ्याचं तो काही बोलला नाही, मी पण काढलं नाही. ते काम वकिलाकडे आहे, तिथंच चालू राहील, आणि मला माझा वाटा हवाय.

चार घरांपैकी तीन झाली. चौथ्या घरच्या काकू आता हुबळीला असतात, जाऊन यायचंय.

एकूण पाचपैकी चार देते. एक कापला तो शुक्रवारची खिडकी, बिनझाकणाचा खोका आणि त्या प्रवचनासाठी. शुक्रवारच्या लाईनमध्ये घाईनं उरकू नका, शनिवार दुपारपर्यंत थांबा, आणि जी भाषा भांडताना तोंडात येते तिच्यात बोला.

परवा वहिनीचा फोन आलेला, आठ वर्षांत पहिला. पोरांचं, पावसाचं, काजूच्या दराचं बोलली आणि ठेवता ठेवता विचारलं, ते मराठीत बोलणारे फादर कुठल्या दिवशी असतात, "हे" विचारत होते म्हणून. सांगितलं, शनिवारी, चारनंतर, चॅपेलच्या डावीकडची खोली, वहीत नंबर घालायचा आणि बागेत बसायचं. जाड चादर घेऊन जायला पण सांगितलं, त्याची कंबर पहिल्यापासनंच दुखते.